आमचा इतिहास थडग्यापासून सुरू होत नाही

मार्च २०२५ मध्ये खुलताबादच्या एका कबरीवरून महाराष्ट्र पेटवण्याचा प्रयत्न झाला. १७ मार्चला नागपुरात दंगल उसळली, संचारबंदी लागली, एक जीवही गेला. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या कबरीभोवतीचे बांधकाम पाडले गेले. जुलै २०२४ मध्ये विशाळगडावरच्या अतिक्रमणाचे निमित्त झाले आणि हल्ला झाला तो गडावर नसलेल्या, पायथ्याच्या गजापुरातल्या मुसलमानांच्या घरांवर आणि मशिदीवर. दर वेळी थडगे वेगळे, प्रश्न मात्र एकच: तुम्ही कोणाचे?

या प्रश्नाला आपल्या समाजाकडून आजवर दोनच उत्तरे दिली गेली. पहिले उत्तर म्हणजे गप्प बसणे. दार लावून घ्यायचे, पोरांना बाहेर पाठवायचे नाही, चार दिवस दुकान बंद ठेवायचे. दुसरे उत्तर व्यासपीठावरचे. शिवाजी महाराजांच्या पदरी किती मुसलमान होते त्यांची यादी म्हणून दाखवायची. नूरखान बेग, सिद्दी हिलाल, दौलतखान, काझी हैदर आणि मदारी मेहतर. यादीतली काही नावे अस्सल कागदात आहेत, मदारी मेहतरासारखी काही ऐकीव आहेत. पण मुद्दा तो नाहीच. महाराज मोठे होते, त्यांनी पीर आणि मशिदींच्या दिवाबत्तीची व्यवस्था चालू ठेवली, हे सभासदानेच लिहून ठेवले आहे. त्याचा आम्हाला अभिमान आहे. तरी आपल्याच गावात राहण्यासाठी साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या सैन्याचा हजेरीपट खिशात बाळगण्याची गरज आम्हाला का पडावी? गावातल्या कुणब्याला, साळ्याला, कोष्ट्याला असा दाखला कुणी मागत नाही.

आमचे म्हणणे असे की प्रश्नच मुळात खोटा आहे. तो आम्हाला बादशहाचे वारस ठरवतो आणि मग वारसा नाकारायला सांगतो. महाराष्ट्रातला मुसलमान हा कोणत्याही तख्ताचा वारस नाही. त्याचा दीन या मातीत बंदरावरून आला, खानकाहातून आला, जात्यावरून आणि मागावरून आला. तख्ते नंतर आली आणि गेलीही.

शाळेच्या पुस्तकात आपला प्रवेश १२९६ साली होतो. अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून येतो आणि त्याच्या घोड्यांच्या टापांबरोबर इस्लामही महाराष्ट्रात शिरतो, असे चित्र पोरांच्या मनावर कोरले जाते. हे दारच चुकीचे आहे. अल्-मसूदी हा अरब प्रवासी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला, ९१६ च्या सुमारास, सैमूर बंदरात आला होता. सैमूर म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले चौल. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने नोंदवले आहे. त्यात समुद्रापलीकडून आलेले होते, तसे इथेच जन्मलेलेही होते. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला होता आणि त्याला मान्यता होती ती राष्ट्रकूट राजाची. अरब प्रवासी या राजाला बल्हारा म्हणत आणि त्याच्याइतका मुसलमानांशी चांगला वागणारा दुसरा राजा नाही, असे लिहीत.

याहून बोलका पुरावा पालघर जिल्ह्यात डहाणूजवळच्या चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटात आहे. शके ८४८, म्हणजे इसवी सन ९२६. राजा राष्ट्रकूट तिसरा इंद्र. संजाणच्या मंडलावरचा अधिकारी जातीने 'ताजिक', म्हणजे अरब. ताम्रपटात त्याचे नाव मधुमती असे पडले आहे. अभ्यासकांच्या मते ते मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप. या अरब मुसलमान अधिकाऱ्याच्या संमतीने भगवतीच्या मठिकेला जमीन दिल्याची नोंद त्या पत्र्यावर आहे. अल्लाउद्दीन देवगिरीला येण्याच्या ३७० वर्षे आधीची ही गोष्ट. ती किती पाठ्यपुस्तकांत आहे? आणि किती मदरशांत सांगितली जाते? कोकणातल्या आपल्या मोहल्ल्यांत अरबस्तानातून आलेल्या पूर्वजांच्या कथा मोठ्या हौसेने सांगतात, पण चिंचणीचे नाव ऐकलेला माणूस शोधून सापडायचा नाही.

याच किनाऱ्यावर माहीमला मखदूम अली माहिमी होऊन गेले. जन्म १३७२, वफात १४३१. कोकणच्या नवाइत कुळातला हा माणूस. त्याने अरबीत कुरआनची तफसीर लिहिली. त्यांच्या उरुसात मुंबई पोलिसांच्या संदलाला पहिला मान असतो आणि त्याचे फोटो दरवर्षी छापून येतात. मखदूमसाहेबांनी काय लिहिले, हे मात्र मराठीत वाचायचे म्हटले तर हाताला काही लागत नाही.

आता खुलताबादकडे वळू. ज्या कबरीवरून एवढा गदारोळ झाला, तिथे आधी कोण झोपले आहे ते पाहावे. चौदाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे मुरीद इथे आले. मुंतजबुद्दीन जर जरी जर बक्ष आले, मागून बुऱ्हाणुद्दीन गरीब आले, त्यांच्या गादीवर जैनुद्दीन शिराजी बसले. बुऱ्हाणपूर शहराचे नाव याच बुऱ्हाणुद्दीन 'गरीब' साहेबांवरून पडले. ही मंडळी औरंगजेबाच्या साडेतीनशेहून अधिक वर्षे आधीची. १७०७ साली औरंगजेब भिंगारला मेला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला जैनुद्दीनसाहेबांच्या पायाशी पुरले. आयुष्यभर मुलूख जिंकणाऱ्या बादशहाला शेवटी एका फकिराचा शेजार मागावा लागला, यातला विरोधाभास ज्याला दिसत नाही त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्याच खुलताबादेत मलिक अंबरचीही कबर आहे. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा कारभारी झालेला, मोगलांशी मरेपर्यंत झुंजलेला आणि शहाजीराजांच्या पिढीला रणात वावरायची सवय लावणारा हा माणूस. म्हणजे मोगल बादशहा आणि त्याच्या पूर्वजांना दक्षिणेत घाम फोडणारा हबशी दोघे एकाच गावच्या मातीत आहेत. 'मुसलमानांचा इतिहास' हा शब्द एकवचनी वापरणाऱ्यांनी आधी एवढे तरी पाहून यावे.

तलवारीने धर्म पसरला म्हणतात. देवगिरी पडल्यापासून मोगलाई मोडेपर्यंत चार शतकांहून अधिक काळ महाराष्ट्राचा मोठा भाग मुसलमान सुलतानांच्या अमलाखाली होता. २०११ च्या जनगणनेत राज्यातले मुसलमान साडेअकरा टक्के भरले. तलवार एवढी चालली असती तर हा आकडा असा दिसला नसता. मग माणसे मुसलमान झाली कशी? याचे एक उत्तर विजापूरकडच्या सूफींच्या कागदांत मिळते. रिचर्ड ईटन या अभ्यासकाने १९७८ साली छापलेल्या ग्रंथात त्यांचा तपास केला आहे. या सूफींनी आणि त्यांच्या मुरिदांनी दळणाऱ्या बायकांसाठी दक्खिनीत 'चक्कीनामे' रचले. जात्याच्या दांड्यात अलिफ पाहायचा, फिरणाऱ्या दगडात अल्लाचे नाव ऐकायचे. सूत काततानाही अशीच गाणी. कलमा बाईच्या ओठावर आला तो दळणाच्या लयीत, आणि तिच्या मांडीवरच्या पोराने तो तिथून उचलला. ज्या घरात काल विठ्ठलाच्या ओव्या होत्या त्याच घरात, त्याच जात्यावर. धर्मांतर हा शब्दही इथे फार जड वाटतो. दोन-दोन, तीन-तीन पिढ्या चाललेली ती एक सावकाश वाट होती.

यावर साखर मात्र पेरायची नाही. सगळेच सूफी दरबारापासून दूर राहिले असे नाही. इनामे घेणारे होते, सुलतानाच्या पालखीमागे चालणारे होते, दर्ग्याच्या गादीचे जहागीरदार झालेलेही होते. सत्तेची ऊब त्यांनीही घेतली. मंदिरे फुटली, तीही फुटली. ते झाकून आपले काही भले होणार नाही. पण राजाने केलेल्या पापाचा हिशेब पिंजाऱ्याकडे मागायचा, ही रीत कुठली?

या सगळ्यात ज्याच्याविषयी सर्वांत जास्त बोलायला हवे तो माणूस श्रीगोंद्याचा. शेख महंमद. अहिल्यानगर जिल्ह्यातले, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यातले श्रीगोंदे. परंपरा सांगते की मालोजीराजे भोसल्यांनी त्यांना गुरू मानले आणि तिथे आणून वसवले. अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या दुव्याने झालेल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवणारे मालोजी ते हेच. शेख महंमदांची गुरुपरंपरा चांद बोधल्यांकडे जाते आणि एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचेही नाते याच कादरी फकिराशी जोडले जाते. त्याची समाधी दौलताबादेला आहे. म्हणजे ज्या झाडाची एक फांदी पैठणला गेली, त्याचीच दुसरी श्रीगोंद्याला आली.

'योगसंग्राम' हा शेख महंमदांचा मोठा ग्रंथ. मराठी ओवीत लिहिलेला. 'पवनविजय' आणि 'निष्कलंकप्रबोध' हे आणखी दोन. स्वतःला त्यांनी 'अविंध' म्हटले, म्हणजे मुसलमान असणे लपवले नाही, आणि विठ्ठलाचे नाव घेतले तेही लपवले नाही. ज्या भाषेत आई बोलली त्या भाषेत त्यांनी तौहीद मांडला. दगडापुढे बकरी कापणाऱ्यालाही ते झोडपतात, गंडे-ताईत विकणाऱ्या खोट्या पिरालाही सोडत नाहीत. दाढी वाढवून फकिरी मिरवणाऱ्याची त्यांनी जी खरड काढली आहे, ती आजच्या कित्येक पीरजाद्यांनी बसून ऐकावी. मनाशी करायची लढाई हा त्यांच्या ग्रंथाचा विषय. आपले उलेमा तिलाच मोठा जिहाद म्हणतात. चारशे वर्षांपूर्वी हा विषय मराठीत आणणारा माणूस आपला, आणि आपल्यातल्या कितीजणांच्या घरात तो ग्रंथ आहे? वारकऱ्यांनी त्यांना संत म्हणून जपले. रा. चिं. ढेऱ्यांनी १९६७ साली 'मुसलमान मराठी संतकवी' लिहिले, पुढे यू. म. पठाणांसारख्या अभ्यासकाने हयात घालवली. आपल्या जमातीने काय केले? आपल्यातल्या अर्ध्यांना ते 'त्यांचे' वाटतात आणि उरलेल्यांना नावही माहीत नाही.

आज श्रीगोंद्यात भांडण आहे ते जागा मंदिर की दर्गा, यावर. मोर्चे झाले, गाव बंद राहिले. हाजी मलंगला तेच. कल्याणजवळच्या त्या डोंगरावर केतकर या ब्राह्मण घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट आहे, ते प्रकरण १९५४ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आले. १९८० च्या दशकापासून तिथे आंदोलने चालू झाली. जानेवारी २०२४ मध्ये तर राज्याच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनीच 'मुक्ती'ची भाषा केली. कुणापासून मुक्ती? वहिवाटदारापासून की नवस फेडायला येणाऱ्या कोळणीपासून? ज्या जागा दोघांच्या होत्या त्या एकाच्या करायच्या, एवढाच हा कार्यक्रम आहे. आणि त्यात आपल्यातलेही काहीजण 'ही जागा फक्त आमची' म्हणत हिरिरीने उतरतात, तेव्हा ते नकळत त्याच कार्यक्रमाची पालखी उचलतात.

आता खेड्यात उतरू, कारण इतिहास तिथे जास्त खरा आहे. मराठी गावगाड्यात मुलाणी होता. कुठे बलुतेदारांत, कुठे अलुतेदारांत त्याची गणती होई. गावची जत्रा असो, म्हसोबाचा नवस असो, बकऱ्याच्या मानेवर सुरी फिरवायचा हक्क मुलाण्याचा. तो बिस्मिल्ला म्हणून हलाल करी, मग देवाला नैवेद्य चढे आणि सगळा गाव जेवे. सुगीत त्याला धान्य मिळे. म्हणजे हिंदू देवाच्या जत्रेत इस्लामचा विधी गावाच्या घटनेतच बसवलेला होता! कुणी त्याला समन्वय म्हटले नाही, कुणी त्यावर परिसंवाद घेतला नाही. ते काम होते आणि तो हक्क होता. मोहरमला पंजे उठत, सवाऱ्या निघत, पाटलाच्या घरचा मान असे. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावच्या उंच ताबुतांना आजही बारा जातींचे हात लागतात.

मुलाण्याबरोबर तांबोळी, अत्तार, बागवान, मण्यार, पिंजारी, शिकलगार, मोमीन, मदारी, दरवेशी. ही नावे पाहा. ही धंद्यांची नावे आहेत, यात कुठला बादशहा आहे? हे लोक इथल्याच कष्टकरी जातींतून आले. दीन बदलला, धंदा बदलला नाही आणि धंद्याबरोबर येणारी पायरीही बदलली नाही. इस्लामात जात नाही हे आपण मिंबरावरून ऐकतो आणि सोयरीक जमवताना पिंजाऱ्याच्या दारावरून पुढे जातो. मुसलमान ओबीसींच्या चळवळीने ही गोष्ट उघड मांडली, तेव्हा 'समाजात फूट पाडता' असा आरडाओरडा झाला. करणारे कोण होते? स्वतःला सय्यद-पठाण म्हणवणारे, इराण-तुराणातून आल्याच्या वंशावळी भिंतीवर टांगणारे. आमचे म्हणणे स्पष्ट आहे. 'हे बाहेरून आले' असे म्हणणारा विरोधक आणि 'आम्ही बाहेरून आलो' असे मिरवणारा अश्रफ, दोघेही एकच खोटे दोन तोंडांनी बोलतात. आणि त्याची किंमत शिकलगाराच्या पोराला मोजावी लागते. २०१४ च्या जुलैत राज्याने मुसलमानांना पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला. त्यातले शिक्षणातले आरक्षण उच्च न्यायालयाने रोखले नव्हते. तरी तो अध्यादेश संपू दिला गेला. थडग्यांवर बोलणारे तेव्हाही थडग्यांवरच बोलत होते.

घरातली दुसरी गोष्टही बोलायला हवी. गेल्या तीन-चार दशकांत गावोगाव शुद्धीचे वारे आले. उरूस नको, संदल नको, पंजे नकोत, ओवी नको, मराठी नाव नको. अकिद्याचा प्रश्न ज्याचा त्याचा. कबरीपुढे झुकू नका असे कुणी दलील देऊन सांगत असेल तर त्याच्याशी आमचे भांडण नाही. शेख महंमदही खोट्या पिरांवर तुटून पडले होतेच. पण एखादी प्रथा सोडणे वेगळे आणि ती होती हेच विसरायला लावणे वेगळे. आजीच्या जात्यावरच्या ओवीला शिर्क म्हणून हिणवले, आणि तिच्याबरोबर गेली ती दक्खिनी, गेल्या त्या बायकांच्या चारशे वर्षांच्या आठवणी. यात पुरुषांचे काही गेले नाही, हेही नोंदवून ठेवू. भाषेचेही तसेच. पोराची मातृभाषा उर्दू अशी नोंद करायची, घरात बोलायची दक्खिनी, बाजारात मराठी, आणि लिहिता धड एकही येत नाही. उर्दू आम्हाला प्यारी आहे. पण बार्शीचा मेहबूब पटेल 'शाहीर अमर शेख' झाला आणि त्याने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लाखोंच्या सभा डोलवल्या, त्या मराठीत.

आणि आपले पुरोगामी मित्र? ते प्रेमाने 'गंगा-जमनी' म्हणतात. आमच्या नद्या गोदा, भीमा आणि सीना. गणपती आणि मोहरम एका वर्षी जोडून आले की कुरुंदवाडच्या मशिदीतल्या गणपतीचा फोटो छापतात, डोळे पाणावतात आणि उरलेले वर्ष भाड्याने घर देताना नाव विचारतात. हमीद दलवाईंनी १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले तेव्हा त्यांचे कौतुक झाले, कारण ते मुसलमानांना खडसावत होते. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांचे सहकारी 'आम्हीही इथले, आमचे वेगळे सांगायचे आहे' म्हणाले, तेव्हा हेच मित्र 'वेगळी चूल कशाला' म्हणू लागले. दलवाई आणि बेन्नूर यांचे आपसांत पटण्यासारखे फार नव्हते. पण दोघेही मराठीत भांडले, ही गोष्ट आम्हाला मोठी वाटते.

हे सगळे आत्ताच का लिहायचे, तर काळ थांबायला तयार नाही म्हणून. एप्रिल २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्याने केवळ दीर्घ वापराच्या जोरावर वक्फ मानण्याची तरतूद पुढच्या काळासाठी काढून टाकली. आधी नोंदलेल्यांना संरक्षण ठेवले, पण जिथे वाद आहे किंवा जागा सरकारी असल्याचा दावा आहे, त्यांना तेही नाही. कायद्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आहे. तिथली लढाई वकील लढतील. आपल्या तालुक्यातला तकिया, वेशीजवळचा पीर, मुलाण्याची इनाम जमीन, जुने कबरस्तान यांचे कागद वकील शोधणार नाहीत. ते कागद आहेत. कुणा मुजावराच्या घरी लोखंडी पेटीत हिरव्या फडक्यात गुंडाळलेले, कसर लागलेले. थोडे फारसीत, पुष्कळसे मोडीत. पेशव्यांच्या काळातही दर्ग्यांची इनामे चालू होती. पुढे १८५२ च्या इनाम कमिशनने गावोगावची इनामे तपासली, त्यांचे दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. तिथे बसून मोडी वाचणारी आपली पोरे किती?

उरुसाला कव्वालीसाठी आणि डीजेसाठी वर्गणी निघते. यंदा तालुक्यातल्या एका तरी जमातीने त्यातला काही भाग बाजूला काढावा आणि दोन मुलींना मोडीच्या वर्गाला पाठवावे. मुली अशासाठी की पेटी बहुधा आतल्या खोलीत असते आणि किल्ली आजीकडे. आजीला आधी ओव्या विचाराव्यात, त्या टेप कराव्यात, कागद मग मागावेत. कागद उन्हात पसरू नयेत, चिकटपट्टी लावू नये, आधी फोटो काढावेत आणि एक प्रत मशिदीत, एक तालुक्याच्या वाचनालयात ठेवावी. श्रीगोंद्याजवळच्या गावांनी तर उशीर करूच नये.